घरातल्या जुन्या फोटोंची डिजिटल स्मरणवही : सुरुवात कुठून करावी?

निळी शाई (नारायण पेठ)

नमस्कार. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तेव्हापासून मनात घोळत असलेला विषय इथे मांडते आहे. ट्रंकेत आईच्या माहेरचे आणि आमच्या घरचे मिळून साधारण चारशे फोटो निघाले. त्याशिवाय लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पोस्टकार्डे आणि आजीने लिहिलेला, हळदीचे डाग पडलेला गोड्या मसाल्याचा एक कागद आहे. या सगळ्याची डिजिटल स्क्रॅपबुक करावी, म्हणजे फोटो, कागद आणि त्यांमागच्या आठवणींचा मजकूर एकत्र मांडून संगणकावर एकेक पान तयार करावे आणि नंतर ती पाने छापून आम्हा चारही भावंडांना एकेक प्रत द्यावी, असे ठरवले आहे.

हे काम आत्ताच करण्याची निकड का वाटते, तेही सांगते. आईचे माहेर नदीकाठच्या वाड्यात होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि वाडा पाण्यात गेला. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरातली सगळी माणसे वाचली, पण भिंतीवरच्या तसबिरी, कपाटातले फोटो, कागदपत्रे यांतले काहीही राहिले नाही. आज तिच्या लहानपणीचे तीनच फोटो आमच्याकडे आहेत, आणि तेही मिरजेच्या मामांकडे आधीच पाठवलेले होते म्हणून उरले.

मागच्या वर्षी मी साठ फोटो एका दुकानात स्कॅन करायला दिले होते. परत आलेल्या फाइली इतक्या लहान निघाल्या की पडद्यावर थोडे मोठे करताच चेहरे फुटतात. जुन्या फोटोंच्या नक्षीदार कडा कापून टाकलेल्या आहेत, आणि मागची बाजू तर कुणी पाहिलेलीही नाही. त्यामुळे या वेळी सगळे घरीच करायचे आहे. मला ईमेल आणि थोडेफार टंकन येते, त्यापलीकडे फारसे येत नाही. स्कॅनर कोणता घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर शिकावे, पानावर मराठी मजकूर नीट कसा उमटवावा आणि मुळात चारशे फोटोंपैकी पहिला कोणता उचलावा, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंधारखोली (कसबा पेठ)

तीस वर्षे मी फोटो धुण्याचे आणि छापण्याचे काम केले, आणि गेली दहा वर्षे नातेवाइकांचे जुने फोटो स्कॅन करतो आहे. आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

साधा सपाट काचेचा स्कॅनर पुरेसा आहे. प्रिंटरलाच जोडून येतो तोही सुरुवातीला चालेल. कागद आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये मात्र जुना फोटो कधीही घालू नये. वरचा थर तडकलेला असेल, तर त्याचा पोपडा तिथेच निघून येतो. काचेवर द्रावण थेट फवारू नये. मऊ कापडावर थोडे घेऊन काच पुसावी, आणि फोटोवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडावी.

दुकानातून लहान फाइली का आल्या असतील, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके (म्हणजे ३०० डीपीआय) लागतात असे धरले जाते. आपला जुना फोटो अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असेल आणि तो ३०० डीपीआयला स्कॅन केला, तर तो त्याच आकारात चांगला छापला जाईल, पण मोठा करता येणार नाही. ६०० डीपीआयला तोच फोटो १५०० गुणिले २१०० पिक्सेलचा होतो आणि दुप्पट आकारात सुबक छापता येतो. म्हणून नेहमीच्या फोटोंना ६०० आणि पासपोर्ट आकाराच्या किंवा त्याहून लहान फोटोंना १२०० ठेवावे. त्यापुढे गेल्यास फाइल फुगते, पण कागदावर नसलेला तपशील काही मिळत नाही.

मूळ स्कॅन टिफ या प्रकारच्या फाइलीत साठवावा. नेहमीची जेपेग फाइल दर वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावते, टिफ गमावत नाही. वर सांगितलेला फोटो टिफमध्ये सुमारे ९ एमबी होतो, म्हणजे असे चारशे फोटो चार जीबीच्या आसपास बसतात. आजच्या काळात ही जागा काहीच नाही. काळापांढरा फोटोसुद्धा रंगीत म्हणूनच स्कॅन करावा, कारण कागदाचा पिवळेपणा, मागच्या शिक्क्याची जांभळी शाई आणि पेन्सिलीची खूण यांत वेगळी माहिती असते. आणि मागची बाजू तर प्रत्येक वेळी स्कॅन करावीच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंवर लाली चढलेली दिसते, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवूनही इतरांच्या आधी उडतो. स्कॅन करताना ती लाली काढू नये. मूळ फाइल आहे तशी ठेवावी आणि तिची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर रंगदुरुस्ती करावी. खडबडीत, जाळीदार पृष्ठभागाच्या फोटोंवर स्कॅनरचा प्रकाश चमकून पांढरे ठिपके येतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन केला, तर दोन प्रतींपैकी एक बहुधा बरी निघते.

आणखी एक विनंती. ट्रंकेतली पाकिटे नीट चाचपून पाहा. पुण्यात त्या काळी अनेक घरांत आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, आणि त्याच्या निगेटिव्ह सहा सेंटिमीटर लांब-रुंद असत. एवढी मोठी निगेटिव्ह सापडली, तर तिच्यात फोटोच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. ती लगेच इतरांपासून वेगळी ठेवावी आणि सर्वांत आधी तिचा स्कॅन करावा.

निळी शाई (नारायण पेठ)

मनापासून आभार. निगेटिव्हची सात पाकिटे आहेत, आणि त्यांतल्या एकाला तो वास नक्की येतो आहे. एक अडचण राहिलीच. पारदर्शक प्लॅस्टिकखाली चिकट पुठ्ठ्याची पाने असलेला एक अल्बम आहे. त्यातले फोटो पुठ्ठ्याला इतके घट्ट बसले आहेत की ओढायची भीती वाटते.

अंधारखोली (कसबा पेठ)

ओढू नका. दात साफ करण्याचा, मेण नसलेला धागा फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवून, करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत न्यावा. धागा अडला तर तिथेच थांबावे, प्लॅस्टिक उलगडून अख्खे पानच स्कॅन करावे आणि फोटो आहे तिथे राहू द्यावा. त्या अल्बमच्या गोंदामुळेच फोटो पिवळे पडतात, म्हणून सुटलेले फोटो पुन्हा त्यात लावू नयेत.

पानफूल (कोथरूड)

वरची तांत्रिक माहिती मोलाची आहे, परंतु क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. स्कॅनर विकत आणण्याआधी आईंसमोर बसावे. माझ्या सासूबाईंच्या घरचे फोटो मी दोन वर्षे खपून स्कॅन केले, रंग दुरुस्त केले, त्यांची सुंदर पाने मांडली. फोटोओळी लिहायला बसले, तेव्हा त्या माणसांना ओळखणारे घरात कुणीही उरले नव्हते. आज माझ्याकडे अडीचशे स्वच्छ फोटो आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांखाली 'अनोळखी' असे लिहिलेले आहे. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल.

त्यासाठी मी आता वापरते ती पद्धत सांगते. एका बैठकीला दहाच फोटो घ्यावेत, त्याहून जास्त नाही, कारण वयस्कर माणूस दमला की 'असेल कुणीतरी' असे म्हणू लागतो. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि 'फोटो क्रमांक सात' असे मोठ्याने म्हणून मगच विचारावे, म्हणजे नंतर ऐकताना घोटाळा होत नाही. 'हे कोण?' एवढेच न विचारता 'हा फोटो काढला तेव्हा तू कुठे उभी होतीस?', 'त्या दिवशी जेवायला काय होते?', 'ही साडी कुणी घेतली होती?' असे विचारावे. नाव आठवत नसले तरी साडी आठवते, आणि साडीच्या मागोमाग बहुतेक वेळा नावही येते. आमच्या एका आत्याबाईंनी एका फोटोतली चेहरा पुसट झालेली बाई नुसत्या हातावरून ओळखली. नऊवारीचा पदर तिने डाव्या हाताने सावरला होता, आणि घरात डावखुरी अशी एकच जाऊ होती.

ज्या फोटोंवर तारीख नाही त्यांचा काळ ठरवायला घरातले कागद फार उपयोगी पडतात. लग्नपत्रिकेवर शके छापलेले असते, त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळते. मात्र तिथी पौषापासून फाल्गुनापर्यंतची असेल, तर बहुधा नवे इंग्रजी वर्ष लागलेले असते आणि ७९ मिळवावे लागतात. पोस्टकार्डावरच्या तिकिटावर 'नये पैसे' असतील, तर ते १९५७ नंतरचे आहे, कारण दशमान नाणी त्या वर्षी आली आणि १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गळाला. पत्त्यात पिन कोड छापलेला असेल, तर पत्रिका १९७२ च्या आधीची असूच शकत नाही. पुण्यातल्या फोटोंना आणखी काही खुणा आहेत. पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ मध्ये धावू लागली आणि बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले, त्यामुळे मागे यांपैकी काही दिसत असेल, तर फोटो त्याआधीचा नाही एवढे तरी पक्के होते. अंदाजाने ठरवलेले वर्ष 'सुमारे १९५८' असेच लिहावे. आपण केलेला अंदाज पुढच्या पिढीला खात्री वाटता कामा नये.

ट्रंकेत मोडीतले कागद निघाले, तर ते स्कॅन करून ठेवावेत, पण नुसत्या अंदाजाने वाचू नयेत. सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुन्या कागदपत्रांचे काम करते आहे, आणि मोडी वाचणारी माणसे आपल्या शहरात आहेत.

सातवा मजला (बावधन)

सॉफ्टवेअरबद्दल लिहितो. पानफूल यांच्या म्हणण्याप्रमाणे आठवणी आधी जमवल्यात, तर सॉफ्टवेअर हा या कामातला सर्वांत सोपा भाग ठरेल.

आधी एक कल्पना मनात पक्की करा, ती म्हणजे लेयर. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे हे थर असतात. सर्वांत खाली पार्श्वभूमी, तिच्यावर फोटो, त्यावर मजकूर, आणि यांतला कोणताही एक थर बाकीच्यांना धक्का न लावता हलवता किंवा बदलता येतो. हे एकदा समजले की कोणतेही सॉफ्टवेअर शिकता येते. गिंप आणि क्रिता ही दोन्ही फुकट मिळतात. अनेक पानांचे पुस्तक मांडायचे झाले, तर स्क्रायबस उपयोगी पडते, तेही फुकट आहे. कॅन्व्हामध्ये तयार मांडण्या मिळतात आणि नवशिक्याला ते सोपे जाते, मात्र पाने त्यांच्याकडेच साठतात, म्हणून प्रत्येक पान पूर्ण होताच छपाईच्या पीडीएफमध्ये उतरवून आपल्याजवळ ठेवावे. ज्यांना नवे काहीच शिकायचे नाही, त्यांनी पॉवरपॉइंटमध्ये पानाचा आकार ए-फोर करून सुरुवात केली तरी चालेल. फक्त चित्रे दाबून साठवण्याचा पर्याय तिथे आधी बंद करावा.

परदेशातल्या स्क्रॅपबुकचे पान परंपरेने बारा इंची चौकोनी असते. आपल्याकडे तो आकार छापायला महाग पडतो. ए-फोर कोणीही छापून देतो. ३०० डीपीआयला ए-फोर पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते. नवी फाइल उघडताना हेच आकडे भरावेत. नंतर पान मोठे केले तर फोटो धूसर होतात.

मराठी मजकुराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचा सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. टंकन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीतच करावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की निरर्थक चिन्हे दिसतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे तुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर चूक आपल्या टंकनाची नसते. अक्षरांच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी' मांडणी निवडावी लागते. गिंपमध्ये ही अडचण येत नाही. फॉण्टमध्ये मुक्ता स्वच्छ आहे, आणि पुस्तकी वळण हवे असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्यावा. त्यात ल आणि श यांची आपली मराठी वळणे मिळतात, हिंदी वळणे येत नाहीत. एका पानावर दोनपेक्षा जास्त फॉण्ट वापरू नयेत.

पार्श्वभूमीसाठी इंटरनेटवरची फुलापानांची चित्रे शोधत बसू नये. आजीच्या इरकलीचा काठ, रुखवतातल्या विणकामाचा तुकडा किंवा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला एखादा कागद स्कॅनरवर ठेवावा आणि त्या चित्राचा रंग निम्म्याहून फिकट करून सर्वांत खालच्या लेयरवर घ्यावा. फोटोमागे स्वतःच्या घरातले कापड दिसले की पान आपले वाटू लागते.

तळजाई (सहकारनगर)

हल्ली काळेपांढरे फोटो आपोआप रंगीत आणि स्पष्ट करून देणारी ॲप निघाली आहेत. माझ्या मुलाने पणजोबांचा फोटो तसा करून दिला आणि घरात सगळ्यांना तो फार आवडला. निळी शाई यांनी त्याचाही विचार करावा असे सुचवते.

अंधारखोली (कसबा पेठ)

आपल्या घरातला आनंद समजू शकतो, तरीही या बाबतीत सावध करणे मला गरजेचे वाटते. ही ॲप फोटोतला हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत, कारण तो फोटोत नसतोच. हजारो इतर चेहरे पाहून, इथे बहुधा असे डोळे असतील, असा अंदाज ती भरतात. पुसट चेहऱ्याच्या जागी स्वच्छ चेहरा दिसतो, पण तो आपल्या माणसाचा असेलच असे नाही. साडीचा रंगही असाच भरलेला असतो. ज्या आईंनी ती साडी नेसलेली बाई पाहिली आहे, त्यांच्यासमोर चुकीचा रंग आला, तर त्यांची खरी आठवणही डळमळू शकते. ओरखडे आणि डाग काढावेत, उजेड-अंधार सावरावा. चेहऱ्याला मात्र हात लावू नये. रंगीत प्रत करायचीच असेल, तर 'संगणकाने रंगवलेली प्रत' असे त्याच पानावर लिहावे आणि मूळ फोटो शेजारी ठेवावा.

तळजाई (सहकारनगर)

हे मान्य आहे. आमच्या पणजोबांच्या फोटोखाली तसे लिहून ठेवते.

सातवा मजला (बावधन)

साठवण आणि छपाई यांबद्दल थोडक्यात लिहितो. फाइलीचे नाव वर्षापासून सुरू करावे, नंतर महिना, दिवस, प्रसंग आणि क्रमांक, म्हणजे सगळे फोटो आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकावर, दुसरी सुट्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. आपल्या आईंच्या माहेरचे तीन फोटो नेमके यामुळेच वाचले. भावंडांना स्कॅन पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर पुन्हा लहान फाइलीच हाती येतील.

छापायच्या पानाच्या चारही कडांना तीन मिलिमीटर जादा पार्श्वभूमी सोडावी, कारण कटाईत तेवढी जाऊ शकते. चेहरे आणि मजकूर कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत असावेत. पुस्तकाच्या मध्ये पिना मारायच्या असतील, तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. सगळे पुस्तक छापायला देण्याआधी त्यातले एक पान त्याच कागदावर छापून घेऊन दिवसाच्या उजेडात पाहावे. पडद्यावर दिसते त्याहून छपाई बहुधा गडद येते.

निळी शाई (नारायण पेठ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण पहिले पान आज पूर्ण झाले.

पानफूल यांच्या सांगण्यावरून मी स्कॅनर आणण्याआधी चार रविवार आईसमोर बसले. सुरुवात त्या तीन फोटोंपैकी एकापासून केली. वाड्याच्या चौकात अकरा माणसे आहेत, मागे तुळशीवृंदावन, उजवीकडे पाण्याचा हौद. मागच्या बाजूला निळ्या शाईत 'चि. बाळाच्या मुंजीचे दिवशी' एवढेच लिहिले आहे. कोणत्या बाळाच्या, ते सांगायला आईला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी तिने थोरल्या मामांचे नाव सांगितले. दुसऱ्या रविवारी स्वतःहूनच म्हणाली की थोरल्याची मुंज गावी झाली होती, आणि चौकातला हौद बांधला तो धाकट्याच्या मुंजीच्या आधी. ट्रंकेतली पत्रिका काढली, तर तिच्यावर धाकट्या मामांचे नाव आणि वैशाख, शके १८८० असे निघाले. म्हणजे फोटो १९५८ चा आहे आणि आई त्यात बारा वर्षांची आहे. पत्रिका तिच्या सासरच्या एका चुलत्यांकडे पोस्टाने गेली होती आणि पुढे ती आमच्या घरात आली, हेही त्यामुळेच कळले.

पान ए-फोर आडवे केले आहे. डावीकडे फोटो, त्याच्या नक्षीदार कडांसह. उजवीकडे मागच्या बाजूच्या अक्षरांचा स्कॅन आणि पत्रिका, खाली आईच्या तोंडचा मजकूर, तिने सांगितला तसा. पार्श्वभूमीला आजीच्या इरकलीचा काठ घेतला आहे. तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते, ती फाइलही फोटोच्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवली आहे.

पान आईला दाखवले, तेव्हा तिने चष्मा लावून पूर्ण वाचले आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. मी 'हंडा' लिहिले होते ते घंगाळ आहे, आणि भटजींच्या शेजारी उभी असलेली बाई मावशी नसून वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या काकू आहेत. दोन्ही दुरुस्त्या केल्या. अकरापैकी दहा नावे आता पक्की आहेत. हौदाच्या कठड्यावर बसलेला, टोपी हातात धरलेला मुलगा कोण, ते आईला आठवत नाही, म्हणून तिथे 'ओळख पटलेली नाही' असे लिहिले आहे. मिरजेच्या मामी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. तो फोटो ए-फोर आकारात छापून, प्रत्येक माणसावर क्रमांक घालून, उद्या त्यांना पोस्टाने पाठवते आहे.